बाई, आत कोण शिरलं होतं?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण हा विषय निघाला की माझंच मन कच खायचं. परवा नातीचा फोन आला. तिच्या शाळेत पचनसंस्थेचा धडा चालू आहे आणि तिला जठर, यकृत, स्वादुपिंड हे शब्द पाठ होत नाहीत. "आजी, इतके अवघड शब्द कोणी केले गं?" तिला काहीतरी सांगून फोन ठेवला खरा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण याच धड्यावर मला एका मुलानं यापेक्षा कितीतरी चांगला प्रश्न विचारला होता, आणि त्याला मी खाली बसवलं होतं.

तर झालं असं. साल १९८१. मी बी.ए. मराठीची. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. आमचे विज्ञानाचे सर लांब रजेवर गेले आणि सातवीचं सामान्य विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. तालुक्याच्या गावातल्या शाळेत असं नेहमीच चालायचं. रात्री धडा वाचायचा आणि सकाळी फळ्यावर उतरवायचा. मी मोठ्या अक्षरात लिहिलं : मुख, ग्रसनी, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे. बाजूला यकृत आणि स्वादुपिंड. आकृतीही बरी जमली होती.

मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याच्या वडिलांचं बाजारपेठेच्या टोकाला मटणाचं दुकान होतं. यकृत कुठे असतं ते मी दाखवत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, म्हणजे काळीज." अख्खा वर्ग हसला. मीसुद्धा हसले, हे कबूल करायला हवं. म्हटलं, "अरे, काळीज म्हणजे हृदय. कवितेत नाही का येत?" तो म्हणाला, "नाही बाई. काळीज वेगळं. त्याला पित्ताची पिशवी चिकटलेली असते. ती फुटली तर काळीज कडू होतं." वर्ग आणखी हसला. मी घाईघाईनं पुढं सरकले आणि पुस्तकातलं वाक्य वाचलं, की जठरात आम्ल असतं आणि त्यानं अन्न पचतं. त्याचा हात पुन्हा वर. "बाई, हे आम्ल कुणी बघितलं? आत कोण शिरलं होतं?"

"खाली बस. आगाऊपणा करू नकोस."

एवढंच बोलले. मारलं नाही, वर्गाबाहेर काढलं नाही. पण खरं सांगू का, मला उत्तर येत नव्हतं. शिवाय आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. माझ्या वर्गात, माझ्या फळ्यासमोर कुणी दुकानातली काळीज आणि पित्ताची पिशवी काढावी याचीच मला शरम वाटली होती. सर्व अवयवांची नावं मला पाठ होती आणि त्यातला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्या मुलाचं नेमकं उलट होतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं तेहतीस वर्षांनी, आणि तेही कुठे, तर अमेरिकेतल्या एका बेटावर. पण तिकडे जाण्याआधी थोडं शब्दांबद्दल. मराठीची शिक्षिका आहे, राहवत नाही.

आपण 'पचन' म्हणतो तो शब्द संस्कृत 'पच्' धातूवरून आला. पच् म्हणजे शिजवणं. पाक, पक्व, पक्वान्न, स्वयंपाक ही सगळी त्याचीच लेकरं. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मते चुलीवर जे होतं तेच पोटात होतं. एकदा बाहेर शिजवायचं, एकदा आत. आत विस्तव हवाच, म्हणून जठराग्नी. आयुर्वेदात 'आमाशय' आणि 'पक्वाशय' असे दोन शब्द आहेत. आम म्हणजे कच्चं. कच्चं अन्न राहतं तो आमाशय आणि शिजलेलं पोचतं तो पक्वाशय. किती सरळ मांडणी! गंमत म्हणजे ग्रीकांचाही हाच समज. त्यांचा पचनाचा शब्द 'पेप्सिस', आणि त्याचाही अर्थ शिजणं, पिकणं. भाषेचे अभ्यासक सांगतात की पच्, पेप्सिस आणि इंग्रजांचा 'कुक' ही एकाच मूळ धातूची पिलावळ आहे. दोनदा भाजलेलं ते बिस्किट, तेही याच घरातलं. चहात बिस्किट बुडवताना मला हे आठवतं आणि हसू येतं.

नावंही अशीच, ज्याला जसं दिसलं तशी पडलेली. लहान आतड्याच्या पहिल्या भागाला आपली पुस्तकं आद्यांत्र म्हणतात. पाश्चात्त्यांचं डुओडेनम हे नाव 'बारा' या अंकावरून आहे. इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा वैद्य होता. त्यानं तो भाग बोटांनी मोजला आणि तो बारा बोटं भरला. त्याच्या पुढच्या भागाचं, आपल्या मध्यांत्राचं त्यांच्याकडचं नाव जेजुनम, म्हणजे 'उपाशी'. मेलेल्या देहात तो भाग बहुधा रिकामाच सापडायचा. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी एका बाजूनं बंद, म्हणून ती 'आंधळी', सीकम. म्हणजे माझ्या नातीला जे शब्द डोंगराएवढे वाटतात ते मुळात बारा बोटं, उपाशी आणि आंधळी असे अगदी घरगुती होते. ज्यांनी हात घातला त्यांनी ठेवलेले.

आपल्याकडेही हात घातला गेला होता. सुश्रुतसंहितेत शव पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात कुजू द्यावं आणि सात दिवसांनी गवताच्या कुंच्यानं हलके हलके खरवडून एकेक थर पाहावा, अशी रीत सांगितली आहे. पुढे मात्र शिवाशिवीच्या कल्पनेनं शास्त्र आणि हात यांची फारकत झाली. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त या वैद्यानं शवविच्छेदन केलं तेव्हा केवढी खळबळ उडाली! तोवर आतलं काय ते ठाऊक होतं खाटकाला, मेलेली जनावरं ओढणाऱ्याला आणि कातडं कमावणाऱ्याला. त्यांना कोण विचारणार?

असो. पोटात अन्नाचं होतं काय, यावर युरोपात शेकडो वर्षं वाद चालला. कुणी म्हणे पोट हे जातं आहे, अन्न दळलं जातं. कुणी म्हणे रांजण आहे, आंबतं. कुणी म्हणे पातेलं आहे, शिजतं. १७५२ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं एक नामी युक्ती लढवली. त्याच्याकडे पाळलेली घार होती. घार न पचणाऱ्या वस्तू ओकून टाकते. त्यानं धातूच्या छोट्या नळीत मांस भरलं, टोकांना जाळी लावली आणि नळी घारीला गिळायला दिली. नळीवर दाब पडला तरी आतलं मांस दळलं जाणार नाही, मात्र रस आत शिरू शकेल. नळी बाहेर आली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं होतं आणि त्याला कुजल्याचा वास नव्हता. म्हणजे जातंही नाही आणि कुजणंही नाही. पोटात असा काही रस आहे जो अन्न विरघळवतो.

पुढे इटलीतल्या स्पालान्झानी या पाद्र्यानं हा प्रयोग स्वतःवरच केला. कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न शिवून तो त्या गिळायचा आणि बाहेर पडल्यावर तपासायचा. पक्ष्यांच्या पोटातला रस काचेच्या नळीत घेऊन, त्यात मांसाचे तुकडे टाकून, ऊब मिळावी म्हणून नळ्या स्वतःच्या काखेत धरून तो बसायचा. आमच्या शेजारच्या वहिनी थंडीत दही लागावं म्हणून भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायच्या, तसंच ते! काखेतल्या नळीतही मांस विरघळलं. त्याचं हे पुस्तक १७८० सालचं.

पण जिवंत माणसाच्या पोटात डोकावून कुणी पाहिलं नव्हतं. आता येते त्या बेटावर.

२०१४ च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे गेले होते. तो तेव्हा डेट्रॉइटजवळ राहायचा. सुट्टीत आम्हाला घेऊन तो उत्तरेला निघाला. साडेचार-पाच तास गाडी, मग बोट, की मॅकिनॉ नावाचं बेट. तिथे मोटारींना बंदी आहे. टांगे आणि सायकली. घोड्याच्या लिदीचा वास आला आणि मला एकदम आमच्या गावचा स्टँड आठवला. टेकडीवर जुना किल्ला आणि खाली गावात एक जुनं दुकान, त्याचं आता संग्रहालय केलेलं आहे. इतर मंडळी मिठाई घ्यायला गेली. माझे गुडघे दुखत होते म्हणून टेकायला जागा मिळेल या आशेनं मी सुनेबरोबर त्या दुकानात शिरले. पाटीवरचं इंग्रजी सून वाचून सांगत होती. ऐकता ऐकता मी बसायचंच विसरले.

६ जून १८२२. ते दुकान होतं अमेरिकन फर कंपनीचं, म्हणजे जनावरांच्या कातड्यांचा व्यापार. त्या दिवशी गर्दीत कुणाची तरी बंदूक चुकून उडाली. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या पोराच्या डाव्या कुशीत छर्रे घुसले. वय विशीच्या आतबाहेर, कॅनडातला फ्रेंच बोलणारा, होडीतून माल वाहणारा मजूर. बरगड्या फुटल्या, फुफ्फुस बाहेर आलं आणि पोटाला भोक पडून सकाळची न्याहारी त्यातून बाहेर पडू लागली. किल्ल्यावरच्या लष्करी डॉक्टरला बोलावलं. त्याचं नाव विल्यम बोमाँट. हाही काही कॉलेजात शिकलेला नव्हता. एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करून शिकलेला. त्याला वाटलं, पोरगा काही जगत नाही.

पण पोरगा जगला. जखम भरली, पण भोक बुजेना. पोटाची कड बरगडीपाशी कातडीला जुळून गेली आणि एक कायमची खिडकी राहिली. पुढे आतल्या अस्तराचीच एक झडप तयार झाली. बोटानं ढकलली की पोटाच्या आतलं दिसायचं. शिवून टाकायला पेशंटनंच नकार दिला असं डॉक्टर लिहितो. गावानं या निराधाराला पोसायचं नाकारलं, तेव्हा डॉक्टरनं त्याला आपल्या घरी नेलं. मलमपट्टी करायची, जेवू घालायचं आणि त्यानं घरातली कामं करायची, लाकडं फोडायची. पोटाला भोक असलेला माणूस लाकडं फोडत होता!

१ ऑगस्ट १८२५ ला दुपारी बारा वाजता डॉक्टरनं रेशमी दोऱ्याला ठरावीक अंतरावर पदार्थ बांधले. मसालेदार गोमांस, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, खारवलेलं कच्चं आणि उकडलेलं गोमांस, शिळा पाव आणि कोबीच्या कच्च्या चिरलेल्या पानांचा पुंजका. दोरा भोकातून आत सोडला. एक वाजता ओढून पाहिला, तर कोबी आणि पाव निम्मे पचलेले, मांस जसंच्या तसं. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचं मांस आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून गायब. पुढे सेंट मार्टिनच्या पोटात दुखू लागलं म्हणून प्रयोग थांबवावा लागला. काही दिवसांनी त्याच्या पोटातला रस शिशीत काढून, त्यात मांसाचा तुकडा टाकून शिशी १०० अंश फॅरनहाइटच्या पाण्यात ठेवली. तिथेही मांस विरघळलं, फक्त पोटापेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे जादू पोटाच्या पिशवीत नव्हती, रसात होती. हा पोऱ्या रागावला, चिडला की पचन बिघडतं हेही डॉक्टरनं टिपून ठेवलं. आपल्या आज्या "जेवताना भांडू नका" म्हणायच्या, ते काही उगीच नाही.

पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे इंग्लंडच्या विल्यम प्राउटनं जनावरांच्या पोटातल्या रसावरून १८२४ मध्ये जाहीर केलं होतं. बोमाँटनं सेंट मार्टिनचा रस रसायन जाणणाऱ्या प्राध्यापकांकडे पाठवला आणि माणसाच्या पोटातही तेच निघालं. १८३३ साली त्याचं पुस्तक आलं. दोनशेहून जास्त प्रयोग आणि शेवटी ५१ निष्कर्ष. आम्लाच्या जोडीला आणखी काहीतरी आहे हेही त्यानं ओळखलं होतं. ते १८३६ मध्ये जर्मनीत थिओडोर श्वाननं वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं पेप्सिन. पुन्हा तोच पेप्सिस, तोच आपला पच्! विस्तव नाही हे सिद्ध झालं, तरी नाव शिजण्याचंच राहिलं.

मी १९८१ साली फळ्याशेजारी उभी राहून वाचलेलं ते एक वाक्य, ते या माणसाच्या कुशीतून आलं होतं.

आता त्या माणसाचं ऐका. १८२५ मध्येच तो न सांगता कॅनडात निघून गेला. लग्न केलं, मुलं झाली. डॉक्टरनं पत्ता काढून १८२९ मध्ये त्याला बायकामुलांसकट पुन्हा आणवलं. १८३२ साली रीतसर करार झाला. वर्षाला दीडशे डॉलर आणि वर अन्नवस्त्र. मोबदल्यात डॉक्टर सांगेल तिथे जायचं आणि पोट प्रयोगाला द्यायचं. त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं सहीच्या जागी फुली मारली. हे ऐकताना मला सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारी आपली माणसं दिसू लागली. डॉक्टर वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यानं जीव वाचवला, खाऊ घातलं, पदरचे पैसे घातले. पण भोकातून दोरा आत जाताना कसं वाटतं ते त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या नावाला ठाऊक नव्हतं.

१८३४ मध्ये सेंट मार्टिन पुन्हा घरी गेला, तो डॉक्टरकडे परत आलाच नाही. डॉक्टरनं पत्रं लिहिली, पैशांचं बोलला, काही उपयोग झाला नाही. १८५३ साली बर्फाळ पायऱ्यांवर पडल्याचं निमित्त होऊन डॉक्टर वारला. भोक असलेला माणूस त्याच्यानंतर २७ वर्षं जगला आणि २४ जून १८८० ला क्वेबेकमध्ये गेला. तेव्हाचे मोठे डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना ते पोट संग्रहालयासाठी हवं होतं. घरच्यांनी साफ नकार दिला. एवढंच नाही, तर भर उन्हाळ्यात त्यांनी देह मुद्दाम जास्त दिवस घरात ठेवला. तो इतका खराब झाला, की चर्चमध्येही नेता आला नाही. मग आठ फूट खोल खड्डा खणून, वर दगड टाकून पुरला. कुणी उकरून नेऊ नये म्हणून. तिथे त्याच्या नावाची पाटी लागली १९६२ मध्ये.

सून मला म्हणाली, "आई, पाणी देऊ का?" मी म्हटलं, नको. माझ्या डोळ्यांपुढे तो मागचा बाक होता. आत कोण शिरलं होतं? बाळा, कुणी शिरलं नव्हतं. एका गरिबाच्या पोटाला भोक पडलं होतं.

परत आल्यावर त्या हिवाळ्यात मी गावी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले. तो गल्ल्यावर होता. पंचेचाळिशीचा, केस पांढरे व्हायला लागलेले. "बाई!" म्हणून उठला, हात पुसून पाया पडला. माझ्यासाठी समोरच्या टपरीवरून खुर्ची आणवली. मला वाटत होतं, माझ्या त्या बोलण्यानंच त्यानं शाळा सोडली असेल. तसं नव्हतं. वडील आजारी पडले म्हणून नववीतून बसवला होता. मी विचारलं, "तू मला एक प्रश्न विचारला होतास, आठवतो?" त्याला नाही आठवला.

"पण काळीज म्हटल्यावर सगळे हसले होते, ते आठवतं बाई. मग शाळेत मला काळीजच म्हणायचे. अजून काही जण म्हणतात."

मला ते माहीतच नव्हतं. तेहतीस वर्षं मी प्रश्नाचं ओझं वाहत होते आणि त्याच्या लक्षात राहिलं होतं ते हसणं. त्यात मीही हसले होते.

म्हटलं, "अरे, बरोबर तूच होतास. यकृत म्हणजेच काळीज. मलाच ठाऊक नव्हतं." तो नुसता हसला. मग म्हणाला, "बघायचंय का बाई?" मी मान हलवली. त्यानं धुतलेली वजडी आणून थाळ्यात पसरली. बकऱ्याला पोटाचे चार कप्पे असतात हे मी पुढे किती वर्षं शिकवलं होतं! त्यानं बोटानं दाखवलं. हा सर्वांत मोठा, टॉवेलसारखा. हा जाळीचा, मधाच्या पोळ्यासारखा. हा पानांचा, वहीसारखा. "आणि हा चौथा गुळगुळीत, आपल्यासारखा." चौथ्यातच आम्ल असतं, तेच खरं जठर, हे मी त्याला सांगितलं. मग त्यानं काळीज दाखवलं, आणि पित्ताची पिशवी कुठून अलगद कापायची तेही. मला वाटलं होतं, पाहवणार नाही. पाहवलं.

नातीला उद्या फोन करणार आहे. शब्दांचं सोपं आहे, ते होतील पाठ. तिला सेंट मार्टिनची गोष्ट सांगेन आणि त्या मुलाचीही. आणि माझ्या वाचकांत कुणी शिक्षक असतील तर त्यांना एकच सांगणं आहे. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, शोधू या" असं म्हणा. मला ते तीस वर्षांच्या नोकरीत फार उशिरा जमलं.